मदत हवी आहे: यिअर्स्लीच्या कवितांचा कोणता पाठ धरावा?

अठराव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या कष्टकरी कवयित्री आणि त्यांच्या कवितेतली विषमता, यावर काम चालू आहे. धुणी धुणारी मेरी कोलियर सोपी आहे: शेतमजूर कवी स्टीफन डकने शेतात राबणाऱ्या बायकांची टवाळी केली, तिने १७३९ मध्ये सुगी, धुणं, भांडी आणि घरचं काम मोजून दाखवत उत्तर दिलं.

अडचण ॲन यिअर्स्लीपाशी येते. ब्रिस्टलची ही दूधवाली. १७८५ चा पहिला संग्रह लेखिका हॅना मोरने आगाऊ पैसे देणारे वर्गणीदार जमवून काढला, मजकुरावर हात फिरवला आणि मिळकत विश्वस्तांकडे ठेवली. त्यावरून दोघींचं बिनसलं. त्याच संग्रहाच्या १७८६ च्या चौथ्या आवृत्तीत यिअर्स्लीने आपली बाजू छापली. मग आधीच्या ओळींतली कृतज्ञता तिची मनापासूनची की आश्रयदात्यांसाठीची? त्या ओळी वगळणं मला चूक वाटतं, कारण विषमता सर्वांत उघडी तिथेच पडते.

१७८५ चा पाठ पायाभूत धरून तिच्या १७८७ च्या दुसऱ्या संग्रहाशी ताडावा का? प्रस्तावना आणि वर्गणीदारांची यादी कवितेइतकीच बारकाईने वाचावी का? आणि स्वयंपाकघरात मोलकरीण राहिलेल्या कवयित्री मेरी लीपरचं काय? तिचा संग्रह मृत्यूनंतर, १७४८ मध्ये आला. छापील मजकूर तिने पाहिलाच नाही. तिथे ही पद्धत कशी लावायची?