ट्रॅक्टरच्या हेडला तडा आहे का, घरी कसं तपासावं? (नाशिक)

द्राक्षमळा: तीन सिलिंडर डिझेल ट्रॅक्टरचं बिडाचं हेड (सिलिंडरवरचं झाकण) उतरवलंय. गॅस्केट नवं घालूनही रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात. फेसिंगला (हेडचा तळ मशीनवर सपाट करायला) देण्याआधी तडा घरीच शोधता येईल का? साहित्य कोणतं घ्यावं? क्रँकही बाहेर आहे, त्यातला तडा कसा बघावा?

सातपूर_लेथ: येईल, आणि फेसिंगच्या आधीच बघा. तडकलेलं हेड घासून घेण्यात पैसे वायाच जातात. डीपी टेस्टचा (डाय पेनेट्रंट, म्हणजे रंगाने चीर शोधण्याचा) तीन डब्यांचा सेट घ्या: क्लीनर, लाल पेनेट्रंट (चिरेत मुरणारा रंग), पांढरा डेव्हलपर (तो रंग बाहेर ओढणारी पूड). सातपूर-अंबडकडे वेल्डिंगचं सामान विकणाऱ्यांकडे विचारा, फॅब्रिकेशनवाले वेल्ड याच सेटने तपासतात.

निम्मं काम सफाईचं आहे. कार्बन, जुनं गॅस्केट, रंग, काही उरू देऊ नका. चिरेत तेल भरलेलं असेल तर लाल रंग आत शिरणारच नाही. क्लीनर मारून दहा मिनिटं वाळू द्या. मग पेनेट्रंट लावा आणि १५ मिनिटं थांबा. हिवाळ्यात निफाडकडे सकाळी पारा १०च्या खाली जातो, तेव्हा काम दुपारी करा. थंड धातूत पेनेट्रंट हळू मुरतो.

आता पुसणं. आधी कोरडं फडकं, मग क्लीनरने जरासं ओलं केलेलं. क्लीनर हेडवर थेट फवारू नका, बहुतेकांचं इथेच चुकतं: चिरेतला रंगही धुऊन निघतो आणि फुटकं हेड धडधाकट दिसतं. डेव्हलपरचा डबा नीट हलवून फूटभरावरून पातळ थर द्या. जाड थराखाली बारीक रेघ लपते. फवारल्यापासूनच नजर ठेवा, १० ते ३० मिनिटं. सलग लाल रेघ उमटली तर तडा, सुटे ठिपके म्हणजे बहुधा ओतकामातली छिद्रं. दोन व्हॉल्व्ह सीटमधली अरुंद पट्टी आणि तिथून इंजेक्टरच्या भोकाकडची जागा आधी बघा.

हे डबे पेट घेतात. मोकळ्या हवेत, शेगडी-विडीपासून लांब, हातमोजे घालूनच वापरा.

अंबड_टूलरूम: हेड ॲल्युमिनियमचं असतं तर तारेचा ब्रश किंवा सँडब्लास्टिंग टाळा म्हटलं असतं. मऊ धातू पसरतो आणि चिरेचं तोंड बुजतं.

सेट मिळाला नाही तर रॉकेल किंवा डिझेल लावून तासभर ठेवा, कोरडं पुसा, स्पिरिटमध्ये कालवलेली खडूची पूड फासा. वाळल्यावर ओली रेघ उठते. मोठा तडा सापडेल, केसाएवढा सुटेल.

पंचवटी_डिझेल: डीपीत फक्त पृष्ठभागावर तोंड असलेली चीर दिसते. एक्झॉस्ट पोर्टच्या आत किंवा पाण्याच्या जॅकेटमध्ये असेल तर नाही. डीपी स्वच्छ आलं तरी प्रेशर टेस्ट करून घ्या: पाण्याची भोकं प्लेट-रबराने बंद करून हवा भरतात, हेड गरम पाण्यात बुडवतात. गरम झाल्यावर उघडणारी चीर थंड हेडवर बंदच असते. हे घरी करू नका, प्लेट सुटली तर इजा होते.

आणि बुडबुडे म्हणजे तडाच असं नाही. सरळ पट्टी आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) हेड आणि ब्लॉक दोन्हीचा फेस सपाट आहे का, ते आडवं, उभं, तिरपं तपासा. लायनरची (सिलिंडरमधल्या नळीची) ब्लॉकच्या वर आलेली उंचीही बघा.

सातपूर_लेथ: आता क्रँक. तो दोरीला टांगून त्याच्या प्रत्येक वजनावर (काउंटरवेटवर) छोट्या हातोडीने हलकेच टकटक करा. घंटेसारखा खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर संशय घ्या. तेल-गाळ आधी काढा, नाहीतर चांगला क्रँकही बद्द वाजतो. खणखणीत आवाज ही हमी मात्र नव्हे. जर्नलच्या (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गुळगुळीत भागाच्या) कोपऱ्यातल्या गोलाईतली बारीक चीर आवाजात कळत नाही, तिथे डीपी करा किंवा मॅग्नाफ्लक्सला (चुंबक आणि लोखंडाच्या पुडीने चीर शोधणाऱ्या तपासणीला) द्या. मॅग्नाफ्लक्सनंतर चुंबकत्व काढलं का हे विचारून घ्या. राहिलं तर लोखंडाचा कीस जर्नलला चिकटतो आणि नव्या बेअरिंगवर ओरखडे पडतात.