पवनचक्कीचा त्रास: निदान करायचं तरी कशावरून?

कृष्णाकाठ: कॅनडातल्या ओंटारियोचे डॉ. रॉबर्ट मॅकमर्ट्री यांनी २०११ मध्ये पवनचक्क्यांच्या त्रासाचं निदान करण्यासाठी निकष मांडले. घर पाच किलोमीटरच्या आत, चक्क्या सुरू झाल्यावर तब्येत बिघडलेली, बाहेरगावी गेलं की आराम, परतलं की पुन्हा तेच. मला हे पटतं. कामावरच्या धुळीने होणारा दमा डॉक्टर असाच ओळखतात: सुट्टीत श्वास मोकळा, कामावर गेलं की छाती भरते. मग झोप उडालेल्या माणसालाच ‘मनाचे खेळ’ म्हणून का वाटेला लावायचं?

निरीक्षक: दम्यात फुंकायला लावून श्वास मोजता येतो. इथे काय मोजणार? निद्रानाश, डोकेदुखी, कानातली गुणगुण चक्की नसलेल्या गावातही घरोघरी सापडेल. हेल्थ कॅनडाने, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य खात्याने, १,२३८ जणांचा अभ्यास केला, निष्कर्ष २०१४ मध्ये आले. काहींच्या मनगटाला यंत्र बांधून झोप मोजली. चक्कीच्या आवाजाची पातळी आणि झोप यांचा संबंध दिसला नाही.

कृष्णाकाठ: पुढचंही सांगा की! आवाज वाढला तसे वैतागलेले लोक वाढले, आणि वैतागलेल्यांच्या केसांत कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक जास्त निघालं. तो ताण खोटा आहे का?

सई_प: ताण खरा, पण कशाचा? न्यूझीलंडमध्ये फिओना क्रिक्टन यांनी प्रयोग केला. कानाला न जाणवणारा इन्फ्रासाउंड, म्हणजे चक्क्यांतूनही निघणारा अतिशय खालच्या पट्टीतला आवाज, लोकांना दिला, आणि एकदा नुसतंच ‘दिला’ असं सांगितलं. ज्यांना आधी त्याच्या अपायाबद्दलची माहिती दाखवली होती, त्यांना दोन्ही वेळा त्रास जाणवला. तुमचा ‘गाव सोडलं की आराम’ हा निकष इथेच लंगडा पडतो. आपण चक्कीपासून लांब आहोत, हे रुग्णाला माहीत असतंच.

डोंगरवाट: सईताई, त्या प्रयोगात माणसं काही मिनिटं बसली होती. रात्री उशाशी येणारा पात्यांचा सूं-सूं आवाज कानाला स्पष्ट ऐकू येतो, तो इन्फ्रासाउंड नव्हे. आमच्या साताऱ्याकडे चाळकेवाडीच्या पठारावर जाऊन ऐका. डॉक्टरांनी महिनाभर झोपेची वही लिहून घ्यावी आणि चक्की कोणत्या रात्री किती फिरली, त्या नोंदीशी ताडून बघावी. आधी घोरणं, थायरॉइड, रक्तदाब तपासावा, हे आलंच.

निरीक्षक: वहीचं मान्य. पण रुग्णाला ती नोंद आधी दिसता कामा नये.

डोंगरवाट: दिसेल कशी? ती कंपनीच्या ताब्यात असते. डॉक्टरांनी मागितली तर द्यायलाच हवी, असा नियम आधी करा.