मदत हवी आहे: ताडोबाच्या सफारीचा पैसा गावात राहावा आणि वाघालाही त्रास होऊ नये, असे नियोजन कसे करावे?

येत्या एप्रिलच्या अखेरीस आम्ही दोन कुटुंबे मिळून नऊ जण ताडोबाला जाण्याचे ठरवत आहोत. त्यात दोन ज्येष्ठ नागरिक आणि तीन शाळकरी मुले आहेत. आरक्षण कसे करावे आणि कोणत्या गेटला वाघ दिसण्याची शक्यता अधिक, याची माहिती या मंचावरच्या जुन्या धाग्यांत (चर्चांत) भरपूर आहे, त्यामुळे ते पुन्हा विचारत नाही. आपण करतो त्या खर्चातला जास्तीत जास्त वाटा जंगलालगतच्या गावांत राहावा आणि आपल्या हौसेचा भार प्राण्यांवर पडू नये, यासाठी गेट, मुक्काम आणि गाडी यांची निवड कशी करावी, याबद्दल जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-२ वाघीण आणि तिचे पाच बछडे यांची वाट जिप्सींनी अडवल्याची चित्रफीत अनेकांनी पाहिली असेल. चालक आणि गाईड निलंबित झाले, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली, आणि ते योग्यच झाले. मात्र गाड्यांत बसलेल्या पर्यटकांचे काय, हा प्रश्न मला तेव्हापासून पडला आहे. ‘अजून थोडी पुढे घ्या ना’ हे वाक्य बहुधा मागच्या बाकावरूनच येते, आणि ते ज्याला ऐकून घ्यावे लागते त्याची दिवसाची कमाई पुष्कळदा आपल्या खुशीवर ठरते. नियम पुरेसे स्पष्ट आहेत. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातले पर्यटन काही महिने थांबवले आणि त्यानंतर राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे आली, ज्यांत प्राण्यापासून किमान २० मीटर आणि दोन गाड्यांमध्ये ५० मीटर अंतर ठेवण्यास सांगितले आहे. समोर वाघ असताना हे अंतर चालकाने कोणाच्या बळावर राखायचे?

माझ्या मनात सध्या तीन गोष्टी घोळत आहेत. पहिली, कोअर (गाभा क्षेत्र) की बफर (त्याभोवतीचा, गावे असलेला पट्टा). ताडोबा-अंधारीचे कोअर सुमारे ६२५ चौरस किलोमीटर आणि बफर सुमारे ११०० चौरस किलोमीटर आहे. बोटेझरी, जामणी यांसारखी गावे कोअरमधून उठून बाहेर वसली. वाघासोबतचे रोजचे जगणे आज मुख्यतः बफरमधल्या गावांच्या वाट्याला आले आहे. म्हणून पैसाही तिकडेच जावा असे वाटते. दुसरी, मुक्काम. ‘स्थानिकांना रोजगार’ हे शब्द जवळपास प्रत्येक रिसॉर्टच्या जाहिरातीत असतात. त्यांतला खरेपणा फोनवरून कसा तपासावा? तिसरी, बक्षिसी. वाघ दिसल्यावर मोठी रक्कम देण्याची पद्धत मला घातक वाटते, परंतु काहीच न देणेही पटत नाही.

प्रतिसाद (चंद्रपूर जिल्ह्यातून)

आपल्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे त्यावरच अवलंबून आहे. बक्षिसी द्यायची असेल तर रक्कम आधीच मनाशी ठरवा आणि गाडी गेटमधून आत जाण्यापूर्वी चालक व गाईड दोघांना सांगून टाका की वाघ दिसो वा न दिसो, एवढे नक्की मिळेल, आणि समोर गर्दी दिसली तर आपली गाडी मागेच थांबवावी. हे ऐकल्यावर सफारीचा नूरच पालटतो. सांबराचा कॉल (धोक्याचा इशारा देणारी हाक) आला की गाडी पळवण्याऐवजी इंजिन बंद होते. मग कॉल पुन्हा येतो का, वानर कोणत्या दिशेला पाहून खाकरते आहे, पाणवठ्यावरची चितळे मान खाली घालतात की नाही, हे गाईड मुलांना दाखवू लागतो. मोहर्ली गेटला महिला गाईडही आहेत. आमच्या भागातल्या बहुतेक गाईडना जंगल लहानपणापासून पायाखालचे आहे. आपण त्यांना फक्त ‘वाघ कुठे आहे’ एवढेच विचारतो, हा आपला करंटेपणा.

कोअर आणि बफर यांत एकच निवडण्याची गरज नाही. एक फेरी मोहर्ली किंवा कोलारा गेटवरून कोअरची आणि एक आगरझरी, जुनोना, देवाडा किंवा अलिझंझा यांपैकी एखाद्या बफर गेटची, अशी विभागणी करावी. प्रवेशशुल्क व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानाकडे जाते, म्हणजे ते सरकारी तिजोरीत न जाता प्रकल्प आणि परिसरातील गावे यांच्या कामी येऊ शकते; परंतु जिप्सीचे भाडे आणि गाईडचे मानधन यांचा परिणाम घरात लगेच दिसतो. कोअर दर मंगळवारी आणि १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असते. पावसाळ्यात पर्यटक आटतात, तेव्हा जो बफरला येतो त्याचा पैसा खऱ्या अडीनडीला उपयोगी पडतो, हे पुढच्या वेळेसाठी लक्षात ठेवावे.

आपण येणार तो काळ मोहफुलांचा हंगाम संपत येण्याचा आणि त्यामागून विडीसाठीच्या तेंदूपत्त्याचा आहे. पहाटे टोपली घेऊन निघालेल्या बाया रस्त्याकडेला दिसतील. २०२५च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. ज्या वाघासाठी पर्यटक पैसे मोजतो त्याच वाघाच्या जंगलात त्या पोटासाठी पायी जातात, तेव्हा त्यांचे फोटो काढण्यापूर्वी गाडीतल्या सर्वांनी विचार करावा, एवढी विनंती.

प्रतिसाद

मुक्कामाबद्दल थोडे वेगळे मत मांडतो. गावातले घर म्हणजे आपोआप चांगले आणि रिसॉर्ट म्हणजे आपोआप वाईट, असे नसते. फोनवर तीन प्रश्न विचारावेत: स्वयंपाकी आणि व्यवस्थापक कोणत्या गावचे आहेत, भाजी व दूध कुठून येते, आणि कचरा व सांडपाणी कुठे जाते. पहिल्याच प्रश्नाला ‘सगळा स्टाफ ट्रेन्ड (प्रशिक्षित) आहे सर’ असे उत्तर आले तर काय समजायचे ते समजावे. रात्री दिव्यांची रोषणाई आणि डीजे असलेली जागा मात्र सरळ टाळावी. बफरमधून वाघ, बिबट, अस्वल सगळेच ये-जा करतात, कुंपणाच्या पलीकडचे जंगल झोपलेले नसते. गावात राहिलात तर शौचालय, पंखा आणि जेवणाची वेळ आधी विचारून घ्यावी, कारण तिथे गेल्यावर ज्येष्ठांची गैरसोय झाली तर दोष विनाकारण यजमानाच्या माथी येतो.

धागाकर्त्याचे उत्तर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. बक्षिसी आधीच जाहीर करण्याची कल्पना मला सुचली नव्हती आणि ती लगेच पटली. एका जिप्सीत सहाच पर्यटक बसू शकत असल्याने आम्हाला दोन गाड्या लागणारच आहेत. ज्येष्ठ मंडळी आणि एक मूल एका गाडीत, पुढच्या बाकावर, आणि ती गाडी बफरच्या दोन्ही फेऱ्यांना, तर उरलेल्यांची एक फेरी कोअरची, असा विचार आता करतो आहे. मंगळवार टाळूनच तारखा घेऊ. मुक्कामासाठी गावातली दोन घरे आणि एक छोटे रिसॉर्ट अशा तीन ठिकाणी वरचे प्रश्न विचारून पाहतो.

अजून एक शंका आहे. आगरझरीच्या बाजूला इरई जलाशयात नौकाविहार असल्याचे वाचले आहे. एप्रिलच्या उन्हात सत्तरी ओलांडलेल्या माणसांसाठी तो सकाळी ठेवावा की उतरत्या दुपारी, आणि नावेत चढण्या-उतरण्यासाठी आधाराची सोय आहे का, हे अलीकडे जाऊन आलेल्या कोणी सांगितल्यास त्याप्रमाणे बफरची दुसरी फेरी ठरवता येईल.