सिस्टीम खातं लाल दाखवते, कस्टमरला काय सांगायचं?

घोडबंदरकर: ठाण्यात सहकारी बँकेत काउंटरला आहे, यूपीआय २०१६ला आलं तेव्हा जमवून घेतलं, पण आता हे एआयवालं खातं संशयित म्हणून लाल करतं, कारण देत नाही आणि कस्टमर समोर तावातावाने उभा. तुम्हाला येतो का कॉन्फिडन्स?

वाशीवाला: फ्रॉडचे पैसे फिरवायला भाड्याने दिलेली खाती पकडायला असतं ते, रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने म्यूलहंटर त्यासाठीच काढलंय. लाल म्हणजे चोर नव्हे हो, केवायसी आणि आधीचे व्यवहार नीट बघायचे.

नेरूळची_ताई: आमचं ट्रेनिंग म्हणजे पीपीटी आणि समोसा 😄 खरं शिकवतात ती नवीन पोरं. फ्रॉड झाला असेल तर मात्र आधी १९३० ही सायबर फ्रॉडची हेल्पलाइन लावायला सांगा, फॉर्म नंतर.

घोडबंदरकर: मॅनेजर म्हणतात हेड ऑफिसला मेल टाक 🤦