स्किझोफ्रेनिया: आवाज थांबले, पण लक्ष आणि आठवण सुधारायची कशी?

इतवारीकर_बहीण

भाऊ, वय २६. रिस्पेरिडोन ४ मिग्रॅ रात्री, ट्रायहेक्सिफेनिडिल २ मिग्रॅ सकाळ-संध्याकाळ. वर्षभरापासून भास नाहीत, संशय नाही. आता अडचण वेगळीच आहे. सांभार (कोथिंबीर), लिंबू आणि ब्लेड अशा तीन वस्तू सांगून पाठवलं की दोनच येतात, नाहीतर दुकानदारासमोर नुसता उभा राहतो. बोलणं लांबलं की मधलं सुटून जातं. तीन महिने मोबाइलवर ‘मेंदूचे गेम’ रोज अर्धा तास झाले. स्कोअर दुप्पट झाला, बाजारात फरक शून्य. कॉग्निटिव्ह ट्रेनिंग म्हणतात ते हेच का? घरी करायचं तर काय आणि किती? घरचे ‘मुद्दाम करतो’ म्हणतात, त्यांना काय सांगावं?

ओटी_रामदासपेठ

ताई, आधी शेवटचं. मुद्दाम नाही. लक्ष टिकवणं, ऐकलेलं काही सेकंद डोक्यात धरून ठेवणं, विचाराचा वेग, आखणी, समोरच्याचा भाव ओळखणं, हे सगळं या आजारात कमी पडतं. बऱ्याच जणांत पहिल्या झटक्याच्या आधीपासूनच. आवाज थांबवणारी औषधं या भागावर फारसं काम करत नाहीत. घरच्यांना हे एकदा शांतपणे बसवून सांगा, कारण ओरडा बसला की त्याचं उरलंसुरलं लक्षही भीतीकडेच जातं.

गेमचा स्कोअर वाढला म्हणजे तो गेम जमला, एवढंच. २०२१ साली कॉग्निटिव्ह ट्रेनिंगच्या (लक्ष-आठवणीच्या सरावाच्या) १३० चाचण्यांचा, मिळून ८,८५१ जणांचा एकत्रित आढावा आला होता. त्यात फायदा माफक पण खरा दिसला, आणि तो जास्त कुठे होता तर चार गोष्टी असतील तिथे: शिकलेला माणूस सोबत बसलेला, भरपूर सराव, ‘कसं करायचं’ याची युक्ती ठरवून शिकवणं, आणि कामाधंद्याच्या पुनर्वसनाशी जोड. एकट्यानं मोबाइल घेऊन बसण्यात यातला फक्त सराव आहे.

घरी असं करा. आठवड्यातून पाच दिवस, रोज २०-२० मिनिटांचे दोन तुकडे, मध्ये चहा. दहा आठवडे धरलेत तर साधारण ३३ तास होतात. वेळ सकाळी दहा-अकराची ठेवा, रात्रीच्या गोळीची गुंगी तोवर उतरलेली असते.

लक्षासाठी धान्य निवडणं उत्तम. ताटात एक वाटी तांदूळ आणि मूठभर काबुली चणे मिसळा. हे सहज जमलं की तूर डाळ आणि चणा डाळ मिसळा. दोन्ही पिवळ्या, चणा डाळ थोडी मोठी आणि खडबडीत. खरं काम इथे सुरू होतं. वहीत तारीख, लागलेली मिनिटं आणि चुकीच्या ढिगात गेलेले दाणे लिहा. पहिले दोन आठवडे घड्याळ त्याच्यासमोर ठेवू नका. वेग मागितला की चुका वाढतात आणि तो ताट सरकवून उठतो. दुसरा सराव वर्तमानपत्राचा: एका रकान्यातला प्रत्येक ‘क’ खोडायचा, पुढे ‘क’ आणि ‘म’ दोन्ही.

पातळी अशी हवी की दहापैकी आठ वेळा बरोबर यावं. सलग तीन दिवस तसं झालं तरच एक पायरी वर. दहापैकी सहाच जमत असेल तर खाली या. सगळ्यात जास्त बिघडतं ते इथेच, घरचे उत्साहात उडी मारतात.

आणि ‘ओळख बघू, आठव बघू’ नको. अंदाजानं दिलेलं चुकीचं उत्तर या आजारात डोक्यात रुतून बसतं, पुढच्या वेळी तेच आधी येतं. म्हणून उत्तर आधी सांगा, त्याच्याकडून म्हणवून घ्या, मग हळूहळू आधार काढा. पहिल्यांदा तिन्ही वस्तू तुम्ही म्हणा, दुसऱ्यांदा दोन म्हणून तिसरी त्याला म्हणू द्या.

युक्ती म्हणजे काय, तर निघताना तिन्ही नावं मोठ्यानं म्हणणं, ‘दोन भाजीवाल्याकडे, एक किराणात’ असे गट पाडणं, परत येताना पन्नी (पिशवी) उघडून बोटावर मोजणं. प्रत्येक सरावानंतर पाच मिनिटं विचारा: आज कोणती युक्ती वापरली? ती दुकानात कुठे चालेल? ही पाच मिनिटं गाळलीत तर डाळ निवडणं डाळीपुरतंच राहतं. आणि हो, चिठ्ठी लिहून नेणं ही लबाडी नाही, तीही शिकवायचीच गोष्ट आहे.

गोळ्यांबद्दल_थोडं

वरचं सगळं बरोबर, पण माझ्या मते पहिलं काम वेगळं. ट्रायहेक्सिफेनिडिल (पॅसिटेन) हातापायाच्या ताठरपणावर आणि कंपावर देतात. मेंदूत अॅसिटिलकोलिनला अडवणारं ते औषध, म्हणजे नवीन लक्षात ठेवण्यालाच अडसर. अशा औषधांचा भार जास्त असेल तर ट्रेनिंगचा फायदाही कमी होतो, हे अभ्यासात दिसलंय. डॉक्टरांना सरळ विचारा: ताठरपणा अजून आहे का, नसेल तर ही गोळी हळूहळू कमी करता येईल का? स्वतःहून एकदम बंद करू नका, ताठरपणा उसळतो, मळमळ आणि बेचैनी होते.

भाऊ खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) खातो का? सुपारीतलं आरेकोलिन नेमकं या गोळीच्या उलट काम करतं, त्यामुळे दिवसाला किती पुड्या होतात ते डॉक्टरांना सांगा. ‘सराव केलास तर खर्रा’ असं बक्षीस तर अजिबात नको.

पाय सारखे हलवणं, एका जागी बसवत नाही असं काही असेल तर तेही लिहून न्या. तो औषधाचा परिणाम असू शकतो, लक्षाचा दोष नव्हे. नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या मनोविकार ओपीडीत गेलात तर ती सरावाची वही सोबत न्या.

इतवारीकर_बहीण

खर्रा आहे, दिवसाला चार. विचारते. डाळीनंतर बाजाराकडे कसं न्यायचं?

ओटी_रामदासपेठ

एका कामाचे तुकडे पाडा. पहिला आठवडा ओळखीचं एकच दुकान, दोन वस्तू, सकाळी गर्दी नसताना, तुम्ही चार पावलं मागे. ‘भाऊ, एक लिंबू द्या’ हे वाक्य घरी दहादा म्हणवून घ्या. नुसता उभा राहतो तो बहुधा वाक्य सुरू करता न आल्यामुळे. दुसऱ्या आठवड्यात तीन वस्तू, तिसऱ्यात पन्नासची नोट देऊन चिल्लर मोजून घेणं.

हे बसलं की मेट्रो. अग्रसेन चौकातून बसून छत्रपती चौकात जायचं, म्हणजे सीताबर्डीला गाडी बदलावी लागते. आधी कागदावर तो स्वतः क्रम लिहील: तिकीट, फलाट, कुठे उतरायचं, कोणती लाइन धरायची. मग तुमच्यासोबत दोन फेऱ्या, तिसऱ्यांदा तुम्ही शेजारच्या डब्यात.

झोप मोडत असेल, परत संशय वाढत असेल, तर सराव थांबवून आधी डॉक्टर. तसल्या दिवसांत वही बंद ठेवा.