घरच्या जलतरण तलावाचे पाणी हिरवे आणि गढूळ झाले आहे, उपाय सुचवावा

प्रश्न

नमस्कार. नागपुरात बेसा भागात आमच्या घरामागे 20 फूट लांब, 12 फूट रुंद आणि सरासरी साडेचार फूट खोल असा छोटा तलाव आहे. पाणी बोअरवेलचे असून कमी पडल्यास टँकर मागवावा लागतो. गाळणी वाळूची आहे आणि क्लोरीनसाठी पहिल्यापासून टीसीसीएच्या (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक आम्लाच्या) गोळ्या तरंगत्या डब्यात ठेवतो. नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू झाला आणि पाहता पाहता पाणी हिरवे होऊन इतके गढूळले की दुसऱ्या पायरीखालचे काही दिसत नाही. भिंतींना बुळबुळीत थरही आला आहे. दुकानदार मोरचूद आणि तुरटी टाकायला सांगतात, शेजारी सगळे पाणी उपसायला सांगतात. भर उन्हाळ्यात 30 हजार लिटर पाणी वाया घालवणे मनाला पटत नाही. सुट्टीत भाचरे येणार आहेत, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने सुरक्षित ठरेल असाच मार्ग हवा आहे.

पहिले उत्तर

भिंती बुळबुळीत आहेत, त्या अर्थी हे शेवाळच आहे. तरीही पाणी बोअरवेलचे असल्यामुळे एक खात्री करून घ्यावी. तलावातले बादलीभर पाणी घेऊन त्यात थोडे द्रवरूप क्लोरीन (सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण) टाकावे: हिरवा रंग जाऊन पाणी राखाडी-पांढरे झाले तर शेवाळ, आणि तपकिरी छटा आली तर पाण्यात लोह किंवा मँगनीज आहे असे समजावे.

आता मूळ कारणाकडे येतो. टीसीसीएच्या गोळीतून क्लोरीनबरोबर सायन्युरिक आम्लही पाण्यात उतरते. हे आम्ल उन्हापासून क्लोरीनचे रक्षण करते, आणि नागपूरच्या उन्हात ते मुळीच नसेल तर क्लोरीन काही तासांतच उडून जाते. म्हणून 30 ते 50 पीपीएमपर्यंत (पाण्याच्या दहा लाख भागांत इतके भाग) ते हवेच. मात्र ते उडत नाही आणि गाळणीतही अडकत नाही, त्यामुळे दर 10 पीपीएम क्लोरीनमागे सुमारे 6 पीपीएम या हिशेबाने ते साचत राहते. ते फार वाढले की क्लोरीनचा बराचसा भाग बांधला जातो, आणि चाचणीत आकडा दिसत असूनही शेवाळ वाढत जाते. आपल्याकडे नेमके हेच झाले असावे असे मला वाटते.

म्हणून आधी सायन्युरिक आम्ल मोजावे. या चाचणीत नळीतले पाणी दुधाळ होते आणि तळाचा काळा ठिपका ज्या रेघेपाशी दिसेनासा होतो तो आपला आकडा. आकडा मोजपट्टीबाहेर गेला तर नमुन्यात तेवढेच साधे पाणी मिसळून पुन्हा मोजावे आणि आलेला आकडा दुप्पट धरावा. शेवाळ मारण्यासाठी क्लोरीन या आकड्याच्या सुमारे 40 टक्के ठेवावे लागते. म्हणजे आम्ल 100 असेल तर क्लोरीन 40 पीपीएम, आणि आपल्या तलावात त्यासाठी 10 टक्क्यांचे द्रवरूप क्लोरीन सुमारे 12 लिटर लागेल. अर्धे पाणी बदलले तर आम्ल निम्मे होऊन तेच काम 6 लिटरमध्ये होते. तलाव पूर्ण रिकामा मात्र करू नये. रिकाम्या टाकीच्या फरशा उन्हाने सुटतात आणि पावसाळ्यात भूजल वर आले तर टाकी खालून उचलली जाण्याची भीती असते.

दुसरे उत्तर

मी तलावांच्या देखभालीचे काम करतो. वरील मताशी सहमत आहे. प्रत्यक्ष कामाविषयी थोडे लिहितो.

क्लोरीन टाकण्यापूर्वी पीएच (पाण्याची आम्लता दाखवणारा आकडा) 7.2 च्या आसपास आणावा, कारण एकदा क्लोरीन फार वाढले की पीएचची चाचणी विश्वासार्ह राहत नाही. ब्रशने भिंती, पायऱ्यांचे कोपरे आणि शिडीमागची जागा घासून काढावी. थराखाली दडलेल्या शेवाळापर्यंत क्लोरीन पोहोचत नाही. क्लोरीन सूर्यास्तानंतर, पंप चालू ठेवून, पाणी तलावात परत येते त्या तोंडापाशी हळूहळू ओतावे. त्यानंतर गाळणी रात्रंदिवस चालू ठेवावी आणि स्वच्छ गाळणीचा जो दाब असतो त्यापेक्षा काटा 8 ते 10 पीएसआयने (दाबाचे एकक) वर गेला की बॅकवॉश करावा, म्हणजे उलट्या दिशेने पाणी सोडून वाळू धुवावी. सुरुवातीला हे वरचेवर करावे लागते. गुलाबी रंग देणाऱ्या डीपीडी चाचणीत क्लोरीन फार जास्त असेल तर रंग उडून नळी पांढरी दिसते आणि लोक क्लोरीन शून्य समजून आणखी ओततात. अशा वेळी नमुना पातळ करून पाहावे.

हिरवा रंग लवकर जातो, पण मेलेल्या शेवाळाचा गढूळपणा राहतो आणि तो काढणे हे गाळणीचे काम आहे. तुरटीची वेळ आली तर इथेच येते, आधी नाही. ती पीएच 7 च्या जवळपास चांगली काम करते. तुरटी फिरवून पंप बंद ठेवला की रात्रीतून तळाशी मऊ, राखाडी गाळ बसतो. तो जराही न ढवळता व्हॅक्यूमने थेट ‘वेस्ट’कडे, म्हणजे गाळणी टाळून बाहेर, सोडावा, गाळणीतून नेला तर वाळू चिकटून बसते. मोरचूद टाकू नये. त्यातील तांब्यामुळे फरशीवर डाग पडतात, केसांवर हिरवट झाक येते आणि मेलेले शेवाळ जागच्या जागीच राहते.

तिसरे उत्तर

मुले येणार आहेत म्हणून कळकळीने सांगतो. टीसीसीए आणि ब्लीचिंग पावडर किंवा कॅल्शियम हायपोक्लोराइट एकाच डब्यात, एकाच मापाने, कोरडेसुद्धा एकत्र येऊ देऊ नये, भडका उडतो. पीएच कमी करण्याचे हायड्रोक्लोरिक आम्ल क्लोरीनमध्ये मिसळले तर विषारी वायू निघतो. कोणतेही रसायन पाण्यात टाकावे, रसायनावर पाणी ओतू नये. तळाची जाळी काठावरून स्पष्ट दिसत नाही तोपर्यंत कोणालाही पाण्यात उतरू देऊ नये, कारण गढूळ पाण्यात बुडणारे मूल वरून दिसत नाही.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. बादलीतले पाणी राखाडी झाले आणि सायन्युरिक आम्ल 100 च्या आसपास निघाले. अर्धे पाणी अंगण आणि वाहने धुण्यासाठी वापरून मग टँकर बोलावतो. पुढे क्लोरीनसाठी गोळ्यांऐवजी काय वापरावे? आणि थांबावे केव्हा?

पहिले उत्तर देणारे

पावसाळा संपेपर्यंत द्रवरूप क्लोरीनच वापरावे. तलावावर पडणारा पाऊस आणि त्यामुळे बाहेर सोडावे लागणारे पाणी यांमुळे उरलेले आम्ल आपोआप उतरेल. आपले बोअरवेलचे पाणी कठीण असेल तर कॅल्शियम हायपोक्लोराइटने ते आणखी कठीण होऊन पांढरट दिसू लागते, म्हणून तो पर्याय सध्या नको. थांबण्याची खूण अशी: रात्री अंधार पडल्यावर क्लोरीन मोजावे, पहाटे ऊन पडण्यापूर्वी पुन्हा मोजावे. फरक 1 पीपीएमपेक्षा कमी असेल आणि तळ स्वच्छ दिसत असेल तर पाण्यात क्लोरीन खाणारे काही उरलेले नाही. मग ते नेहमीच्या पातळीवर उतरू द्यावे. तोवर दर संध्याकाळी मोजून जेवढे घटले तेवढे भरून काढत राहावे. एक संध्याकाळ चुकली तरी नागपूरच्या उन्हात शेवाळ पुन्हा उचल खाते.