लेखनासाठी वेळ नेमका कोणाकडे मागावा?

प्रश्न: फोंड्याची वाचक

सर्वांना सविनय नमस्कार. मी फोंड्याला राहते आणि पणजीतील एका सरकारी खात्यात कारकून आहे. घरी सासूबाई, यजमान आणि दोन शाळकरी मुले आहेत. माझ्या काही कथा दैनिकांच्या रविवार पुरवण्यांत छापून आल्या आहेत आणि सध्या एक दीर्घकथा लिहायला घेतली आहे, परंतु ती पुढे सरकत नाही. छोटा लेख कदंबच्या बसमध्ये बाणस्तारीपर्यंत सुचतो आणि रात्री कागदावर उतरतो. दीर्घकथेचा आदल्या बैठकीतला धागा हाती लागेपर्यंतच अर्धा तास जातो, आणि तेवढ्यात कोणीतरी हाक मारते. त्यातच दिवाळी अंकांचे संपादक साहित्य मागतात ते ऐन पावसाळ्यात, म्हणजे आमच्याकडे चवथीसाठी (गणेशचतुर्थीसाठी) मूळ घराची साफसफाई, गणपतीवर बांधायच्या माटोळीचे सामान आणि नेवऱ्या (करंज्या) यांची गडबड सुरू होते तेव्हा. घरात मला लिहू नकोस असे कोणीही म्हणत नाही. पण मी वही घेऊन बसले की मी रिकामीच आहे असे समजून काम सांगितले जाते. नोकरी करणाऱ्या इतरांनी हे कसे जमवले आहे? शिवाय सरकारी नोकराला कथा छापण्यासाठी खात्याची परवानगी लागते का?

उत्तर: म्हापशाहून, निवृत्त बँक अधिकारी

ताई, नोकरी हा लेखनातला अडथळा आहे असे मानू नये, असे मला वाटते. बा. भ. बोरकरांनी आधी शिक्षकाची आणि नंतर आकाशवाणीची नोकरी केली, ते १९७० मध्ये निवृत्त झाले, आणि त्यांची कविता त्या साऱ्या वर्षांत चालूच होती. मी स्वतः पहाटे घर जागे होण्यापूर्वी लिहीत असे. तुम्हीही पहाटेची वेळ धरून पाहावी.

उत्तर: डिचोलीहून, शिक्षिका

वरील उत्तराचा आदर राखून थोडा मतभेद नोंदवते. त्या पिढीतल्या लेखकांच्या नोकरीविषयी आपण बोलतो, पण ते लिहीत असताना त्या घरांतली चूल कोण सांभाळत होते, हे क्वचितच विचारतो. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यावरचा वेळ दिवसाला सरासरी २९९ मिनिटे निघाला आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे. नोकरदार बाईला पहाट सुचवणे म्हणजे तिच्या झोपेतून वेळ काढायला सांगणे, कारण घर जागे होण्यापूर्वी उठणारी बहुधा तीच असते.

माझ्या घरी फरक पडला तो वार ठरवल्यावर. मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी स्वयंपाक यजमान करतात, आणि मी घरात असूनही नाही, असे सर्वांनी धरायचे. सुरुवातीला कालवणात मीठ किती, हे विचारायला कोणी ना कोणी दारात येत असे. मी उत्तर देणे थांबवल्यावर ते येणेही थांबले. (कालवण अजूनही अधूनमधून खारट होते, त्याला माझी हरकत नाही.) धागा हरवण्याच्या अडचणीवर माझा उपाय असा, की मी प्रसंग संपवून उठत नाही, तो अर्ध्यावर सोडते आणि पात्र पुढे काय करणार आहे ते समासात दोन ओळींत लिहून ठेवते, त्यामुळे पुढच्या बैठकीला पहिले वाक्य शोधत बसावे लागत नाही. चवथीच्या दिवसांत मात्र मी लेखनाचा हट्ट धरत नाही. दिवाळी अंकासाठीची कथा शाळेच्या मे महिन्यातील सुट्टीत पूर्ण करते आणि मागणी येण्याची वाट न पाहता पाठवून देते.

उत्तर: मडगावहून, लेखा विभागातील कर्मचारी

परवानगीपुरते लिहितो. गोवा सरकारच्या कर्मचाऱ्यांनाही १९६४ चे केंद्रीय नागरी सेवा वर्तणूक नियम लागू आहेत. निव्वळ साहित्यिक स्वरूपाचे पुस्तक किंवा लेख प्रसिद्ध करण्यासाठी त्यांत पूर्वपरवानगीची अट नाही, आणि अधूनमधून केलेल्या साहित्यिक कामालाही मुभा आहे; मात्र त्यामुळे कार्यालयीन कामाचा खोळंबा होता कामा नये. कार्यालयातील कागदपत्रांतून कळलेली माहिती कथेत आणणे ही वेगळी बाब आहे आणि ती टाळावी. मानधन मिळणार असेल तर आस्थापना शाखेकडे आधी विचारणा करून ठेवणे बरे.

प्रतिसाद: फोंड्याची वाचक

आपणा सर्वांची मी आभारी आहे. पहाट मला जमणार नाही, कारण आमच्याकडे नळाला पाणी त्याच वेळी येते आणि मुलांचे डबेही तेव्हाच भरायचे असतात. वार ठरवण्याची कल्पना पटली, पण आमच्या घरात दार लावून बसण्याजोगी खोली नाही.

उत्तर: पर्वरीहून

मग त्या दोन दिवशी घरी येऊन लिहूच नका. पाट्टोवरील कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय पणजीच्या बसस्थानकापासून चालत जाण्याजोगे आहे. कार्यालय सुटल्यावर तिथे तासभर बसावे आणि नंतरची बस धरावी.

प्रतिसाद: फोंड्याची वाचक

हे करून पाहता येईल. मात्र आठवड्यातून दोन दिवस उशिरा येणार असल्याचे सासूबाईंना मी सांगावे की यजमानांनी?

उत्तर: डिचोलीहून, शिक्षिका

यजमानांनी, आणि त्या दिवशीचा स्वयंपाक आपण करणार असल्याचेही त्यांनीच त्याच वेळी सांगावे.